साडीवरचे बूट

माझी बायको सरकारी नर्स होती. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे, एका गावात तिचं उपकेंद्र होतं. पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल आणि औषधांचं कपाट, मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मी शिंपी. मुरबाडच्या बाजारात माझं दुकान होतं, एक मशीन आणि कापायचं टेबल मावेल एवढं. सकाळच्या एसटीनं जायचो, संध्याकाळच्या एसटीनं यायचो. ती मात्र चालत. तिच्याकडे चार गावं आणि नऊ पाडे होते, आणि त्यातल्या दोनच पाड्यांना गाडीरस्ता होता. खांद्याला लशींचा निळा डबा, त्यात बर्फाच्या पट्ट्या, हातात रजिस्टरांची पिशवी, आणि पायात बाजारात मिळते तसली सपाट चप्पल. पावसाळ्यात रबरी स्लिपर.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा ती चौतीस-पस्तीस वर्षांची होती.

तिची टाच दुखते हे तिनं मला सांगितलं नाही. मला ते आवाजावरून कळलं. सकाळी ती माझ्या आधी उठायची आणि फरशीवरची तिची पावलं मी अर्धवट झोपेत ऐकायचो. त्या हिवाळ्यात ती पावलं बदलली. एक पूर्ण पडायचं, दुसरं अर्धंच, आणि मध्ये भिंतीवरून हात घासल्याचा आवाज. चहा उकळेपर्यंत असं चालायचं. मग हळूहळू चाल सरळ व्हायची आणि दिवसभर कुणाला काही कळायचं नाही.

मी विचारलं, "पायाला काय झालंय गो?"

"काय नाय. मुंग्या आल्यात."

"रोज मुंग्या येतात?"

"तुमी झोपा ना जरा."

बाकीच्यांना ती दिवसभर सांगत फिरायची, दुखणं अंगावर काढू नका, वेळेवर दाखवायला या. स्वतःच्या बाबतीत मात्र तिनं रुईचं पान गरम करून टाचेला बांधलं, विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं, आणि हे सगळं मी दुकानात असताना. चुलीमागे ते फडकं मला सापडलं, तेव्हाही ती म्हणाली, शेजारच्या काकींसाठी केलं होतं.

मार्चमध्ये एकदा दुकान लवकर बंद करून मी जीपनं घरी येत होतो. गावाच्या अलीकडे रस्त्याखालून ओढा जातो, तिथे मोरीच्या कठड्यावर ती बसलेली दिसली. निळा डबा शेजारी, एक चप्पल काढलेली, पाऊल दुसऱ्या मांडीवर घेऊन अंगठ्यानं टाच दाबत होती. मी जीप थांबवून उतरलो. मला बघून तिनं पटकन पाऊल खाली सोडलं. उन्हानं चेहरा लाल झाला होता. ती रडत नव्हती, पण थोड्या वेळापूर्वी रडून झालं असावं.

मी तिच्या शेजारी बसलो. मग तीच म्हणाली, "मी अर्ज लिहून ठेवलाय. आरोग्य केंद्रात बसून काम असतं, औषधांचा स्टॉक लिहायचं. ते मिळालं तर बघते."

"तुला बसून काम करायचंय?"

"नाय." हे तिनं इतक्या पटकन सांगितलं की आम्ही दोघंही हसलो. मग मात्र तिला रडू आलं. मी डबा उचलला आणि आम्ही चालत घरी गेलो, तिच्या चालीनं.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन कल्याणला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याआधी मुरबाडला एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं आणि टाचेचं हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल, असं सांगून आमची झोप उडवली होती. कल्याणचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि लगेच बाजूला ठेवून दिला.

"हाड वाढलंय थोडं. पुष्कळांचं वाढतं. दुखतंय ते वेगळंच." त्यांनी टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला अंगठा दाबला. ती टेबलावरून अर्धी उठली. "बरोबर इथे. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. चालून चालून तो ताणला गेलाय. रात्री आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला परत ओढला जातो. दिवसाला किती चालता?"

"मोजलं नाय कधी. दहा किलोमीटर तरी होत असेल. डोंगरातले पाडे असले की जास्त."

"चप्पल कुठाय तुमची?"

चप्पल दाराबाहेर काढलेली होती. त्यांनी मला ती आत आणायला लावली. हातात घेऊन त्यांनी ती ओलं फडकं पिळावं तशी पिळली आणि टेबलाखाली टाकून दिली.

"हिच्यावर तुम्ही डोंगर चढता. पंधरा दिवस गोळ्या घ्या. रोज सकाळी उठायच्या आधी टॉवेलनं पाऊल आपल्याकडे ओढून धरायचं, आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. आणि बूट घ्या. नाडीचे, खेळाडू घालतात तसे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "साडीवर?"

"पायाला काय कळतंय वर साडी आहे का पँट आहे?"

बाहेर येऊन आम्ही एसटी स्टँडवर गेलो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "गोळ्या घेईन. टॉवेलचं पण करीन. बुटांचं काय सांगू नका मला. पाड्यावरची माणसं हसतील, ते एक वेळ चालेल. पण मीटिंगला सगळ्या सिस्टर येतात. पांढऱ्या साडीवर बूट घालून मी तिथं जाऊ?"

मी तेव्हा वाद घातला नाही. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी माणसांना मापात बसवून पोट भरणारा. कुणाचा एक खांदा उतरता असतो, कुणाची पाठ पुढे आलेली असते, आणि त्यांना न सांगता मी ते कपड्यात सांभाळून घेतो. मला वाटलं, बूट आणून समोर ठेवले की ती घालील.

एका रविवारी दुपारी मी दुकानातला खाकी कागद फरशीवर पसरला आणि तिला त्यावर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. पण पेन्सिल घेऊन मी खाली बसलो तशी तिनं पावलं मागे घेतली.

"पायाला हात नका लावू."

"अगं, गिऱ्हाइकाचं माप घेतोय."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"नाहीस. म्हणून तर हळू घेतोय. उभी राहा."

ती परत कागदावर आली, एक हात माझ्या डोक्यावर टेकवून. मी आधी डाव्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, मग उजव्या. तिच्या ब्लाउजची मापं मी डोळे मिटून सांगितली असती, पण तिची पावलं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. टाचांना उभ्या भेगा होत्या आणि त्यांत लाल माती बसलेली, कितीही घासली तरी न निघणारी. डाव्या करंगळीचं नख नव्हतंच. तळव्यात एक काळा ठिपका होता. तो कसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाभळीचा काटा. लग्नाच्या आधीचा. खर्डीला शाळेत जाताना घुसला होता. राहिला तिथंच." उजवं पाऊल डाव्यापेक्षा पेन्सिलीच्या जाडीएवढं मोठं निघालं. माझा हात त्या पावलावर जरा जास्त वेळ राहिला असेल. तिनं माझे केस हलकेच ओढले. "झालं ना माप?"

तो कागद घडी करून खिशात घातला आणि मी एकटाच कल्याणला गेलो. दुकानात बूट बघताना मी माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. प्रत्येक बूट हातात घेऊन दाबून बघितला, आणि जो सगळ्यात मऊ लागला तो घेतला. कापडवाल्या माणसाला मऊपणाचंच कौतुक. पांढरा होता, बाजूनं गुलाबी पट्टी, आत कापूस भरल्यासारखं अस्तर, आणि पंखासारखा हलका. कागदावरच्या आकृतीवर ठेवला तर बरोबर बसला, रेघेला रेघ.

घरी आल्यावर तिनं खोकं उघडलं आणि बराच वेळ त्या गुलाबी पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग दुसऱ्या दिवशी तेच घालून निघाली. संध्याकाळी मी विचारलं, "कसे आहेत?"

"चांगले आहेत."

रोज विचारायचो, रोज तेच उत्तर. सकाळचा भिंतीवरचा हात मात्र सुटला नव्हता. मला वाटलं, वेळ लागत असेल.

पंधरा-वीस दिवसांनी वरच्या पाड्यावरची एक बाई माझ्या दुकानात लुगड्याचं कापड घेऊन पोलकं शिवायला आली. पाड्यावर सुईणीचं काम तीच बघायची, त्यामुळे माझ्या बायकोशी तिचा घरोबा होता. माप देता देता म्हणाली, "तुजी बायको बूट पिशवीत घालून का फिरते रे?"

"पिशवीत?"

"व्हय तर. वढ्याजवळ काढते नि पिशवीत घालते. पिशवीतली चप्पल काढते. दिसभर चपलेवर फिरते. सांजला जाताना परत वढ्याजवळ बसून बूट घालते. मी बोलले, बाय, हे काय चाललाय? तर बोलली, घरी जाताना पायात दिसले पायजेत."

त्या दिवशी माझा हात कापडावर चालेना. ते पोलकं मी दुसऱ्या दिवशी कापलं.

घरी येऊन मी तिला म्हटलं, "पाय दाखव." तिला कळलं. तिनं पाऊल पुढे केलं. टाचेच्या मागे फोड येऊन फुटलेला, आणि उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं.

"अगं, मग सांगायचं ना!"

"तुमी एवढ्या हौसेनं आणलेत. एवढा कागदबिगद करून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पहिले आठ-दहा दिवस घातले ना. उतारावर पाय आत पुढं सरकतो नि नखं आपटतात. आणि टाच त्यात बुडते, गादीत बुडावी तशी. चपलेपेक्षा जास्त दुखायची. मला वाटलं, मलाच घालता येत नाय."

मी तिथेच खाली बसलो. मला माझा राग आला होता आणि तिची माया. तो राग काढायला जागा नव्हती म्हणून मी उठून कापूस आणि जंतुनाशक औषध आणलं. ती म्हणाली, "द्या इकडं, नर्स मी आहे." मी म्हटलं, "आज मी लावतो." तिनं लावू दिलं.

मग आम्ही दोघं मिळून गेलो. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कल्याणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मी दुकान बदललं. एका बाजूच्या गल्लीत जुनं, अरुंद दुकान होतं, छतापर्यंत खोकी रचलेली. काउंटरवरच्या विक्रेत्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "साहेबांना कुठला दाखवू?"

"मला नको. यांना हवेत."

त्यानं लगेच बायकांच्या सँडल काढायला सुरुवात केली. नाही म्हटल्यावर तो गोंधळून तिच्या साडीकडे बघत राहिला. तिचा चेहरा पडला, आणि ती दाराकडे वळणार एवढ्यात आतल्या बाजूला हिशेब करत बसलेला म्हातारा मालक उठून आला. त्यानं विक्रेत्याला बाजूला केलं, एक बुटकं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

"बोला ताई. काय काम करता आपण?"

तिनं सांगितलं. डोंगर, पाडे, डबा, टाच, सगळं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "संध्याकाळी आलात हे चांगलं केलंत. दिवसभर चालून पाऊल भरतं, पसरतं. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो." त्यानं माठातलं पाणी एका ताटलीत ओतून आणलं आणि जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. "पाय भिजवा आणि यावर एकदा उभ्या राहा."

ती उभी राहून बाजूला झाली. कागदावर सगळं पाऊल उमटलं होतं, टाचेपासून बोटांपर्यंत, मध्ये कोरडी जागा कुठेच नाही.

"हे बघा. पावलाला मध्ये आतल्या बाजूनं कमान असते. ती तुमची खाली बसलीये. चालताना पाऊल आत कलतं आणि सगळा ताण टाचेवर येतो. तुम्हाला मऊ नको. तुम्हाला धरून ठेवणारा बूट हवा."

मी पिशवीतून तो पांढरा बूट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं टाचेमागचा भाग दोन बोटांनी दाबला. तो आत दबला, रुमालासारखा. मग पुढचं टोक आणि मागचं टोक धरून बूट दुमडला, तर तो बरोबर मध्यावर दुमडला.

"पाऊल कुठे दुमडतं? बोटांपाशी. मग बुटानंही तिथेच दुमडावं. हा मध्ये मोडतो. आणि घेतलाय बरोबर मापाचा. माप बरोबर असून चालत नाही, उतारावर बोटांना पुढे सरकायला जागा लागते. अंगठ्याच्या पुढे एक अंगठा रिकामा हवा."

माझी मान खाली गेली. रेघेला रेघ बसलेला तो बूट मला दिसत होता.

"नंबर मोठ्या पायाचा धरायचा," तो पुढे म्हणाला, आणि वर चढून तीन खोकी काढून आणली. एकेक बूट पिळून, दाबून, दुमडून आम्हाला दाखवला. बायकांसाठी असे धरून ठेवणारे बूट तेव्हा येत नव्हते. शेवटी उरला तो पुरुषांचा होता, करड्या रंगाचा, दिसायला अगदी ओबडधोबड. त्यानं तिला आधी मोजे घालायला लावले, मग टाच मागे ठोकून बसवायला, मग नाडी खालून वर एकेक वेढा आवळत न्यायला. "आता चाला. घाई नाही."

ती दारापर्यंत गेली. परत आली. मग दाराबाहेर दोन दगडी पायऱ्या होत्या, त्या उतरली, चढली, परत उतरली. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती खाली बघत, काहीतरी ऐकत असल्यासारखी चालत होती. सात-आठ वेळा पायऱ्या झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाय. टाच कुणीतरी हातात धरलीय असं वाटतं." थोडं थांबून म्हणाली, "आणि सोडत नाय."

परतीच्या एसटीत तिनं तेच घातले होते. साडीचा घोळ पुढे ओढून तिनं ते झाकून घेतले आणि मुरबाड येईपर्यंत झोपली.

घरी मी माझं काम केलं. तिचे सगळे परकर दोन बोटं आखूड केले आणि साड्यांचे फॉल उसवून परत वर घेऊन लावले, बुटात घोळ अडकून पडायला नको म्हणून. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा मी एसटी सोडली आणि ती ओढ्यापर्यंत जाईस्तोवर दारात उभा राहिलो. ती वळली नाही.

संध्याकाळी तिनं सांगितलं, वरच्या पाड्यावर बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. "बाय, तू पोलिसात गेलीस काय?" सगळ्यांनी आळीपाळीनं बूट दाबून बघितले. महिन्याच्या मीटिंगला आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "काय सिस्टर, शर्यत आहे का आज?" ती म्हणाली, "रोजच असते, सर." बाकीच्या सिस्टर हसल्या. मीटिंग संपल्यावर त्यांतल्या दोघींनी तिला बाजूला घेऊन दुकानाचा पत्ता विचारला.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. घरं शेणानं सारवलेली, उंबऱ्याच्या आत पायताण न्यायचं नाही. चप्पल पायातून झटकून टाकता यायची. इथे प्रत्येक दारात डबा खाली ठेवा, वाका, नाडी सोडा, आत जा, बाहेर या, परत बांधा. एका पाड्यात पंधरा घरं. मला युक्ती सुचली. मी नाड्या काढून तिथे इलॅस्टिक शिवून दिलं. दोन दिवस तिला मजा वाटली, तिसऱ्या दिवशी टाच परत ठणकली. इलॅस्टिक बूट पायात ठेवतं, पण पाय धरत नाही. मी ते उसवलं.

तोड पाड्यावरच्या बायकांनी काढली. त्या सुईणबाईनं आपल्या दारापुढच्या मांडवात गोणपाट अंथरलं आणि सगळ्यांना सांगितलं, पोरं घेऊन इथं या, बाय दारोदार वाकणार नाय. बाळंतिणीला बघायला मात्र आत जावंच लागायचं. तेव्हा बायको दारात उभी राहिली की तिच्या हातात डबा असतानाच कुणीतरी खाली बसून नाडी सोडायला लागायचं. पहिल्यांदा तिला फार अवघड वाटलं. "मी म्हटलं, नको गो, मी सोडते. तर म्हणाली, तू माजं बाळ काढलंस, मी तुजी नाडी सोडली तर काय झालं?" हे सांगताना तिनं डोळे पुसले आणि मग भाकरी थापायला बसली.

पावसाळ्यात त्या बुटांचा उपयोग नाही हे आम्ही गृहीत धरलं होतं. तिनंच मार्ग काढला. चिखलाच्या बांधांवरून आणि ओढ्यातून ती अनवाणी जायची, बूट प्लास्टिकच्या पिशवीत. पलीकडे गेलं की पाय पुसून, मोजे घालून परत चढवायची. भिजले तर रात्रभर आत वर्तमानपत्राचे बोळे. एकदा मी शहाणपणा करून ते चुलीच्या तोंडाशी ठेवले. सकाळी एका बुटाचा सोल जीभ बाहेर काढल्यासारखा सुटून आला होता. मुरबाडच्या चांभारानं सगळीकडून जाड दोऱ्याची शिवण घालून दिली. ती बघून बायको म्हणाली, "शिलाई असावी तर अशी." मी ऐकून घेतलं.

दुखणं एकदम गेलं नाही. गोळ्या संपल्या, टॉवेल आणि भिंत चालूच राहिली. महिने गेले. गणपतीच्या आसपास एकदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आज मी उठले नि भिंत धरलीच नाय. आत्ता लक्षात आलं." तिनं कप माझ्या हातात दिला आणि मुद्दाम खोलीभर एक फेरी मारून दाखवली. बसून काम करायचा अर्ज तोवर रजिस्टरातच पडून होता. त्याच्या पाठीमागे तिनं डोसांची यादी लिहून टाकली होती.

दर दीड-दोन वर्षांनी आम्ही त्याच गल्लीत जायचो. वरून बूट धड दिसला तरी सोलला बाजूनं सुरकुत्या पडल्या की तो मेला, असं म्हातारबांनी शिकवलं होतं, आणि ती ते काटेकोर पाळायची. तिसऱ्या खेपेला ते दुकानात नव्हते, त्यांचा मुलगा होता. त्यानं विचारायच्या आत तिनंच बूट हातात घेऊन टाच दाबली, पिळला, दुमडला आणि परत दिला. "हा नको. पुढचा दाखवा."

दोन हजार चार साली तिची बदली शहापूर तालुक्यात झाली, खर्डीच्या बाजूला, तिच्या माहेराजवळ. आवराआवर चालू असताना ती म्हणाली, "वरच्या पाड्यावर एकदा जाऊन येते. तुमी येता?" इतक्या वर्षांत मी कधी गेलो नव्हतो. दुकान असायचं.

आम्ही सकाळी निघालो. अर्ध्या तासात माझा श्वास फुलला. तिची पाठ मला पुढे दिसत होती, साडी जरा वर खोचलेली, करडे बूट दगडावर नेमके पडत होते. कुठला दगड हलतो आणि कुठे घसरतं, हे ती मागे न बघता सांगत होती. एका खडकाच्या चढाला मी बसलोच. ती परत खाली आली आणि माझ्या शेजारी बसली.

"दमलात?"

"तू हे रोज चढायचीस?"

"रोज नाय. मंगळवार नि शुक्रवार."

मी खाली वाकून तिच्या उजव्या बुटाची सैल झालेली नाडी बांधली. तिनं पाऊल मागे घेतलं नाही.

पाड्यावर बायकांनी मांडवात काळा चहा दिला, कुणी करवंदं दिली. ज्यांना तिनं डोस पाजले होते ती पोरं आता दप्तर घेऊन शाळेत जाणारी झाली होती आणि तिला बघून लपत होती. सुईणबाईनं तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिकडं डोंगर हाय का रे?"

मी बायकोकडे बघितलं.

"हाय," ती म्हणाली. "कसाऱ्याकडं सगळा डोंगरच हाय."

"मग बरां हाय," असं म्हणून तिनं आम्हाला पायवाटेच्या वळणापर्यंत सोडलं. उतारावर बायको पुढे झाली, आणि जिथे मला भीती वाटेल तिथे थांबून हात देत राहिली.